बांधावर अडलेला खांब

हातोडा पडला आणि उसळून वर आला. खांब तसूभरही खाली गेला नाही. पुन्हा पडला, पुन्हा उसळला, आणि मितेशने खूश होऊन टाळी वाजवली.

"बस, चांगदेव! रॉक लागला. मशीन बंद कर."

चांगदेवने मशीन थांबवलं. डोंबिवलीच्या खाडीकाठी प्रसूतिगृह उभं राहत होतं, त्याच्या पायाचा हा शेवटचा खांब. दोन पुरुष उंचीचा तुकडा अजून जमिनीच्या वर शिल्लक होता. तो तोडायचा, वर काँक्रीट ओतायचं, की पाया झाला. मितेश कंत्राटदाराचा मॅनेजर. सोमवारी मोठे पाहुणे साइट बघायला येणार म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"रॉक नाहीये तो, सर," कल्पिता म्हणाली.

कल्पिता साइट इंजिनिअर, समोरच्याच गावातली. तिने ओळंबा धरून दाखवला. खांब जरासा कलला होता. बाकीचे खांब चिखलातून भसाभस गेले, मुरमात शिरल्यावर हळूहळू जड होत होत थांबले. हा मात्र त्यांच्या निम्म्या खोलीवर, मऊ चिखलातच एकदम अडला. आणि अडला तोही नेमका गावच्या जुन्या बांधाच्या रेषेत. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून कधीकाळी दगड रचून घातलेला बांध. साइटच्या कुंपणाबाहेर दोन्ही अंगांना त्याचे उंचवटे अजून दिसत होते, मधला तेवढा भरावाखाली गेला होता.

"खाली बांधाचे धोंडे आहेत. त्यांच्याखाली परत चिखल. इमारतीचा भार आला की धोंडे सरकणार. हा सोडून द्या, शेजारी दुसरा ठोकूया."

"दुसरा पाईल मागवायचा म्हणजे आठवडा गेला. आणि खाली जाऊन कोण बघणार आहे?"

हेच तर होतं. एकदा वर काँक्रीट पडलं की खाली काय दडलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही. कळतं ते भिंतीला भेग गेल्यावर, आणि तोवर आत बाळंतिणी निजलेल्या असतात. कल्पिताचं डोकं फिरलं.

मितेशने खूण केली. मजूर रघु खांब फोडायचा ब्रेकर घेऊन पुढे आला, तशी ती खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, बाजूला व्हा ना."

"नाही."

रघुने मितेशकडे पाहिलं. मितेशने ठाण्याला कंत्राटदार साहेबांना फोन लावून तक्रार केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

"कल्पिता, उद्यापासून तू वागळे इस्टेटच्या ऑफिसात बसायचं. साइटवर पाय ठेवायचा नाही. समजलं?"

"समजलं, साहेब. उद्यापासून ना? आज मी इथंच आहे."

साहेब काय ओरडले ते धड कळलंच नाही. घरात पगार तिचा एकटीचाच येत होता. तरी तिने खांबाला लावलेली पाठ काढली नाही.

मितेश हसला. "राहा उभी. सहा वाजता साइट बंद होते. तू घरी गेलीस की रघुला दहा मिनिटं पुरतील."

कल्पिताने खिशातून आपला फोन काढला.

"आई, मी आज घरी येत नाही. जेवण पाठव."

"कशाला गो? काय झाला?"

तिने सगळं सांगितलं. आईने फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासात तिची आई मालन स्वतःच आली. आली ती एकटी नाही. मागून अख्खी आळी. कुणाच्या काखेत चटई, कुणाच्या हातात पाण्याचा कॅन, कुणाच्या कडेवर नातवंड. गेटवरचा वॉचमन अडवायला म्हणून पुढे झाला आणि गुमान बाजूला सरला.

मालनने लेकीकडे पाहिलं, मग खांबाला हात लावला.

"ह्योच काय तो?"

"हो."

मालनने खांबाच्या बुडाशी चटई अंथरली आणि ऐसपैस मांडी घातली. बाकीच्या बायका भोवतीनं बसल्या. कल्पिताही आईशेजारी खाली बसली.

"अहो मावशी, इथं बसता नाही येत! काम चालू आहे!" मितेश ओरडला.

"मंग चालू दे ना. आमी कुटं अडवलाय? दुसरा खांब आन नि ठोक. आमच्याच पोरी येतील इथं बालंत व्हाला."

"आणि तोपर्यंत काय इथंच बसणार?"

मालनने डबा उघडला. तांदळाच्या भाकरीवर सुकटीचा ढीग घातला आणि पहिली भाकरी मितेशपुढे धरली.

"धर, खा. उद्या पन आनीन तुझ्यासाठी."