दम तुटला तेव्हा

महापौरांनी पडदा सरकवला आणि शहराच्या क्रीडा दालनात, भिंतीवर माझा फोटो झळकला. सगळ्यांत जोरात टाळ्या हणमंता वाजवत होता.

चाळीस वर्षांपूर्वी कबड्डीच्या अंतिम सामन्यात, माझ्या शेवटच्या चढाईत त्यानंच माझा घोटा धरला होता. मध्यरेषेला बोट लागायच्या आतच माझा दम तुटला, पण त्या आरडाओरड्यात पंचांना ते कळलं नाही. गुण मला मिळाला. मग राज्याचा संघ, सरकारी नोकरी. हणमंता यंत्रमागावर गेला आणि तिथंच म्हातारा झाला.

चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतलं. "हणमंता, त्या दिवशी माझा दम तुटला होता रे. मी बाद होतो."

त्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजे मला ऐकू आलं ते खरंच हुतं? मी पंचांना सांगितलं हुतं. ते म्हणाले, 'दम तुटला असता तर तो गडी आपणहून हात वर करून बाहेर गेला असता.' मलाबी ते पटलं. चाळीस वर्षं मी माझ्याच कानाला दोष देत आलो."