लेफ्तेरिसचं संत्रं

लेफ्तेरिसच्या आईने दार उघडलं आणि सगळ्यांचे कोट तूलीच्या हातात दिले.

"आतल्या पलंगावर ठेव हं, मुली," स्मारोबाई म्हणाल्या. "आणि येताना पोराचे बूट पूस."

बूट फीवोसने आधीच पुसले होते. तो चार वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी त्याला स्वतःचं नाकही पुसता येत नव्हतं. आता बूट, बटणं, नाक, सगळं त्याचं तो करी. हे तूलीने शिकवलं होतं.

पलंग लेफ्तेरिसचाच होता. एकतीस वर्षांच्या त्या बाप्याच्या उशाशी आईने उद्याचं बनियन आणि मोजे इस्त्री करून मांडून ठेवले होते. तूलीने कोट त्यांच्यावरच टाकले.

तूली एस्टोनियाची. लेफ्तेरिस तिच्या गावी, तार्तूला, वर्षभर शिकायला आला, तिच्या प्रेमात पडला आणि वर्ष संपताच ग्रीसमधल्या कावालाला आईकडे परतला. मागोमाग तूली आली. ग्रंथालयातली चांगली नोकरी सोडून ती मारीना नावाच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओ पेअर म्हणून लागली. त्यांच्या घरी राहायचं, त्यांच्या फीवोसला सांभाळायचं. कागदावर तिला 'घरातलीच मुलगी' म्हटलं होतं. तिला त्याचंही काही नव्हतं. लेफ्तेरिसच्या गावात राहायला मिळालं, बस झालं. तो तिला दर बुधवारी भेटे, बंदराच्या पार टोकाला, टोपी डोळ्यांवर ओढून. "आईला सांगतो गं," म्हणे, "योग्य वेळ येऊ दे." ती वेळ काही येत नव्हती.

या बुधवारी तो म्हणाला होता, "रविवारी माझा नामदिवस, माझ्या नावाच्या संताचा सण. पण आम्ही कोणालाच बोलावलेलं नाही."

तूलीचा जीव तुटला होता. तार्तूला सख्खी बहीणसुद्धा बोलावल्याशिवाय दारात उभी राहत नाही. बिचारा, सणाच्या दिवशी एकटाच आईसमोर बसणार, असं तिला वाटलं.

आणि आज सकाळी मारीनाबाई म्हणाल्या, "आवरा लवकर. स्मारोमावशींकडे जायचंय. त्यांच्या लेफ्तेरिसचा नामदिवस आहे."

"पण त्यांनी कुठे बोलावलंय?" तूली बोलून गेली.

मारीनाबाईंना हसू आवरेना. "अगं वेडे, नामदिवसाला कोण बोलावतं? दार उघडंच असतं. ज्याला त्या माणसाचं काही वाटतं, तो आपणहून जातो."

म्हणजे लेफ्तेरिस खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायलाही थोडी छाती लागते.

बैठकीत माणसं दाटीवाटीने बसली होती. मावश्या, आत्या, शेजारी, सगळे त्याला "खूप वर्षं जग" म्हणत होते आणि तो मधल्या खुर्चीत बसून पिठीसाखरेची बिस्किटं खात होता. तूली आत आली तसा त्याचा घास तोंडातच राहिला. ती त्याच्यासमोर थांबली. 'ही माझी तूली.' तीन शब्द. एवढे तो बोलला असता तर तिने आणखी दहा वर्षं लोकांच्या पोरांची नाकं आनंदाने पुसली असती.

त्याने घास गिळला आणि दुसरं बिस्किट उचललं.

स्मारोबाईंनी आपल्या रुमालाने त्याच्या मिशीवरची साखर पुसली. मग एक संत्रं घेतलं, सोललं, एकेका फोडीच्या शिरा काढल्या आणि फोडी त्याच्या तळहातावर ठेवल्या. "शिरा राहिल्या तर घशाला लागतात त्याच्या," त्या कौतुकाने सगळ्यांना सांगत होत्या. तूलीला हसू आलं, आणि मग हसू आल्याचीच लाज वाटली. याच्यासाठी आपण घर सोडलं!

शेजारी फीवोसने आपलं संत्रं सोलून संपवलंसुद्धा. सालं बशीत, बिया बशीत.

"अगं बाई! एवढंसं पोर!" स्मारोबाईंनी तोंडावर हात ठेवला. "कोणी शिकवलं याला?"

"आमच्या तूलीने," मारीनाबाई म्हणाल्या. "आता उन्हाळ्यानंतर हा शाळेत जाईल. मग ती मोकळीच."

स्मारोबाईंनी तूलीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मग आमच्याकडेच ये की! माझे गुडघे आता साथ देत नाहीत. आमच्यात लहान मूल नाही, पण माझ्या लेफ्तेरिसचं सगळं बघायला कोणीतरी हवंच."

सगळे हसले. लेफ्तेरिसही हसला.

तूली बशा घेऊन स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ऐकलंस ना? देवच पावला!" तो कुजबुजला. "आईने स्वतःहून विचारलं! तू इथेच राहशील, माझ्या शेजारच्या खोलीत. आता तिला काही सांगायलाच नको!"

"सांगायलाच नको?"

"कशाला उगाच तिच्या जिवाला घोर?" तो म्हणाला आणि खिशातून एक संत्रं काढून त्याने तिच्यापुढे धरलं. "हे जरा सोलून दे ना. आई पाहुण्यांत आहे."

तूलीने संत्रं घेतलं. मग ती आतल्या पलंगावरून आपला कोट घेऊन बैठकीत आली आणि ते संत्रं तिने तसंच, सालीसकट, स्मारोबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"मावशी, तुमच्याकडचं काम मला नाही जमायचं."

"का गं? मुलं सांभाळायची सवय आहे ना तुला?"

"आहे ना," तूली म्हणाली. "पण मी सांभाळलेली मुलं मोठी होतात."