घर पसंत पडलं पाहिजे

"शाळेला मारतात तसला पांढरा रंग?" जयाबाईनं डबा उघडताच तोंड वाकडं केलं. "पाहुणे घर बघाय येणार हायत गं, हजेरी द्याय न्हाय."

"आई, ह्याला मॉडर्न फार्महाऊस म्हणतात," रचना म्हणाली. तिच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये कुठल्यातरी गोऱ्या बाईची बैठकीची खोली. "पांढऱ्या भिंती, उघडं लाकूड आणि शेतातल्या जुन्या वस्तू."

"शेतात जन्म गेला माझा. आता फार्महाऊस मोबाईलवर बघून शिकू व्हय?"

पण शिकली. येळ्ळूरच्या बाईला एकदा हट्ट चढला की उतरत नाही, आणि जयाबाईच्या अंगात तर तो जन्मापासून होता. रविवारी सांबऱ्याहून मारुतीराव आणि त्यांची बायको मनुबाई येणार होते. मुलामुलीची पसंती झालेली होती. दोघं बेळगावच्या खडेबाजारात दोनदा भेटून बोललीही होती. राहिलं होतं ते घर. आपल्याकडं सगळं ठरलं तरी घर बघितल्याशिवाय सुपारी फुटत नाही. लेकरू ज्या घरात जाणार तिथलं पाणी, तिथली चूल, तिथली माणसं आपल्या डोळ्यांनी बघून घ्यावी लागतात.

याआधी दोन ठिकाणचे पाहुणे असेच आले होते, चहा पिऊन 'कळवतो' म्हणून गेले होते. कळवलं कुणीच नाही. दुसऱ्या खेपेला तर एका बाईनं अंगणातच नाक मुरडलं होतं. "असल्या घरात आमचं लेकरू कसं रमंल?" ते वाक्य जयाबाईच्या जिव्हारी लागलं होतं. तिसऱ्यांदा नकार आला तर परत कुणी उंबरा चढणार नाही, हे ती ओळखून होती.

होळी झाली आणि दोघी कामाला लागल्या. रचना बेळगावातल्या ऑफिसातून संध्याकाळी आली की ओढणी कमरेला बांधायची. गोठ्यात पडलेलं बाभळीचं जू बाहेर निघालं. जयाबाईच्या नवऱ्यानं, भावकूनं, ते स्वतःच्या हातानं तासलं होतं. तो गेल्यापासून त्यावर कोंबड्या बसत होत्या. रचनानं ते घासलं, त्याला तेल पाजलं, बैठकीत आडवं टांगलं आणि त्याला तीन दिवे लावले. जुन्या दुधाच्या किटलीत बासमतीच्या लोंब्या उभ्या राहिल्या.

जयाबाईनं दिवे लावून बघितले, विझवले, परत लावले. "बैलं असती तर म्हटली असती, आमच्या मानंवर हुतं तवा एवढं कौतुक कुणी केलं न्हाय," ती म्हणाली, आणि पदरानं जू पुसत राहिली.

मागच्या खोलीला मात्र रचना हात लावीना. ती जयाबाईच्या मुलाची, आदर्शची खोली.

"निळा रंग त्यानं स्वतः निवडलेला हाय," ती म्हणाली. "असू दे की आई."

"न्हाय. लगीन झाल्यावर ती दोघांची खोली. नव्या संसाराला नवा रंग पायजे." जयाबाईनं खरवडणी तिच्या हातात दिली आणि दुसरी आपण घेतली. निळा रंग निघेपर्यंत दोघी भिंत खरवडत राहिल्या.

शनिवारी शेजारची शालूबाई डोकावली. तिनं पांढऱ्या भिंती बघितल्या, जू बघितलं आणि हनुवटीवर बोट ठेवलं. "जयाबाई, तू चालवलंयास तसं गावात कुणी केलं न्हाय बाई. लोकं हसतील."

"हसू देत. उद्या तीच लोकं बघाय येतील. तूच पहिली आलीस की!"

रविवारी दहाच्या सुमाराला पाहुणे आले. मारुतीराव बैठकीत शिरले आणि जुवाखाली मान वर करून उभेच राहिले. "विकत घेतलं काय हो हे?"

"घरचंच हाय," जयाबाई म्हणाली. इतका अभिमान तिला गेल्या कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

रचनानं अबोली साडी नेसली होती. तिनं चहाचे कप आणून ठेवले. मनुबाईनं मात्र चहाआधी घर बघायला घेतलं. नळ सोडून पाण्याची धार बघितली. स्वयंपाकघरात फळीवरचे डबे हलवून बघितले. परड्यातली केळ बघितली. जयाबाई मागोमाग फिरत होती आणि मनातल्या मनात देवाला हात जोडत होती.

मागच्या खोलीत मनुबाई पलंगावर टेकली. भिंतीवरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले.

"माझं लेकरू कधी घर सोडून ऱ्हायलं न्हाय हो. भाकरी गरम लागती त्याला. कधी चुकलंमाकलं तर बोला, पण तोडून बोलू नका."

"अवो, माझ्या पोटच्यावानी संभाळीन. हितं काय उणं पडणार न्हाय."

मनुबाईनं डोळे पुसले आणि बाहेर येऊन नवऱ्याकडं बघून मान हलवली. मारुतीरावांनी कप खाली ठेवला.

"घर पसंत," ते म्हणाले. "पाडव्याला सुपारी फोडू. पण एक इचारतो, राग मानू नका. गावाला काय सांगणार तुम्ही? आमच्याकडं तर लोकं आत्ताच बोलाय लागल्यात."

जयाबाईनं रचनाला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"माझा आदर्श गेला तवा बी लोकं लई बोलली, मारुतीराव. सुनंला माहेरी धाड म्हटली. पण ही सून न्हाय, लेक हाय माझी. गावाला सांगा, जयाबाईनं लेकीचं लगीन ठरवलं, आन् तुमच्या पोराला, ज्योतिबाला, आमच्या घरात नांदायला धाडा."