नातीचा फ्रॉक

नवा कपडा अंगावर चढवून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, की म्हाताऱ्या शिंप्याला तो आवाज ऐकू यायचा. "च्च."

वडील असंच करायचे. लहानपणी त्याने घातलेला टाका ते उजेडात धरायचे, च्च करायचे आणि उसवून टाकायचे. ते जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. आता गिऱ्हाइकं "झकास बसलाय हो" म्हणायची आणि त्याला ती मनातून नावं ठेवतायत असंच वाटायचं. आयुष्यभर तेच ऐकून तो पार थकून गेला होता.

नातीच्या कानावर मात्र हे कधी पडू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तिचा फ्रॉक त्याने जीव ओतून शिवला.

दुपारी नात स्टुलावर चढली आणि तिने गिरकी घेतली. "आजोबा, कशी दिसते मी?"

"अगदी राणीसरकार! पण आता हलू नका, नाहीतर टाचणी बोचेल." त्याने टाचण्या ओठांत धरल्या आणि घेर सारखा करायला तो खाली वाकला.

"च्च."

नातीचे खांदे एकदम पडले. "काय चुकलं माझं, आजोबा?"

त्याचे ओठ टाचण्यांवर घट्ट मिटलेले होते आणि दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

"नीट उभी राहते मी," आरशात बघत नात रडवेल्या आवाजात म्हणाली. "पण तुम्ही दोघं असं बघू नका ना माझ्याकडे."