पायांतले बूट

भूकंपानंतर बालवाडी पुन्हा भरली, पण दुपारी झोपताना एकही पोर पायांतले बूट काढेना. "परत हललं तर पळायचं कसं?" मदतनीस मावशी करवादल्या, "बाई, चादरींची पार माती झाली हो!" "होऊ दे. चादरी धुता येतात, मावशी." बाई रोजच्यासारख्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. "झोपा रे. मी जागी आहे. काही झालं तर आधी तुम्हाला उठवीन." बोलायला काय जातं? घरी त्याही बूट घालूनच छताकडे बघत रात्र काढायच्या. आज मात्र बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. पायाशी हुळहुळलं तशी त्या दचकून जाग्या झाल्या. वर्गातली सगळ्यांत धाकटी पोरगी अनवाणी बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडत होती. "अगं, हे काय?" "झोपा, बाई. मी जागी आहे." बाईंनी मग निमूटपणे दुसरा पाय पुढे केला.