अहो, किती वाजले?

निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी आयुष्यातली पहिली उधळपट्टी केली, एक भारी घड्याळ घेतलं. तेव्हापासून सासूबाईंना वेळेचं काय वेड लागलं, कळेना. दातांच्या डॉक्टरांकडे समोरच्या भिंतीवर ताटाएवढं घड्याळ होतं, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "अहो, किती वाजले?"

सासऱ्यांनी सावकाश बाही मागे सारली, मनगट उजेडाकडे वळवलं आणि सेकंदासकट वेळ सांगितली. शेजारचे गृहस्थ वाकून बघायला लागले.

"सुंदर आहे हो घड्याळ."

"छे, साधंच आहे," म्हणत सासरे पुढची वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोलत होते.

जाऊ तिथे हेच. मी तर ऐकून ऐकून कंटाळले. शेवटी सासूबाईंच्या वाढदिवसाला त्यांना ठसठशीत आकड्यांचं घड्याळ आणून दिलं. म्हटलं, सुटले एकदाची.

त्यांनी ते कौतुकाने हातात घालून पाहिलं. मग सासरे आसपास नाहीत ना हे बघून काढलं आणि परत डबीत ठेवलं.

"फार गोड आहे गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे मी घातलं, तर त्यांना वेळ कोण विचारणार?"