धरलेलं पाणी

वळणावर कुदळ दगडावर आपटली, आणि चरात उतरलेल्या बाया एकदम मागं सरल्या.

"पोरगी असंल तिथं," रत्नम्मा म्हणाली. "आता आपला जिल्हा लातूर झालाय. पानी सोड म्हनून तिला नवा अर्ज करा."

कुणी तरी हसलं. शरणम्मा माती भरत राहिली. तेरा वर्षं ती हे ऐकत होती. तिची सात वर्षांची शिवगंगा भरल्या बारवेत बुडाली, आणि पुढच्या पावसाळ्यापासून माळावरचं पाणी बारवेत उतरलंच नाही. बहात्तरला निम्मं गाव जगायला बाहेर गेलं. पोरीनं पाणी धरलंय, असं सगळे म्हणत. दर सोमवारी शरणम्मा कोरड्या पायऱ्या उतरायची, तळाशी बेलाचं पान ठेवायची आणि म्हणायची, "सोड गं माय. लोक शिव्या द्यायलेत तुला." नवरा, धोंडप्पा, काठावर उभा राहायचा. खाली कधी आला नाही.

यंदा रोजगार हमीवर माळापासून बारवेपर्यंतचा जुना, झाकलेला चर उकरायचं काम निघालं. धोंडप्पाही कामावर होता. वळणापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला.

मुकादम चांदपाशानं हातानं माती सारली. "भूत न्हाई, अम्मा. कुनी तरी चर बुजवलाय. गोल दगड बसवून भवती चिकनमाती ठासलीय. मानसाचं काम हाय."

शरणम्मा पुढं झाली. दगडाच्या मधोमध खुंट्याचं भोक होतं. कडेचा बोटभर टवका उडालेला. देगलूरहून माहेरचं जातं आणताना ते गाडीतून पडलं होतं, तेव्हाचा. पोरीला माती दिल्यावर महिन्याभरानं धोंडप्पा म्हणाला होता, जातं फुटलं, ओढ्यात टाकलं. तिनं काहीच विचारलं नव्हतं. त्या दिवसांत दळत कोण होतं?

तिनं मान वर केली. धोंडप्पा चराच्या काठावर येऊन उभा होता. त्याच्या हातात कुदळ नव्हती.

"कुनाचं जातं हाय हे?" चांदपाशानं विचारलं.

शरणम्मानं दगडाच्या कडेखाली बोटं घातली.

"माज्या पोरीनं न्हाई धरलं पानी," ती म्हणाली. "आमी धरलं." मग नवऱ्याकडं बघून, "अवो, या खाली. हात लावा."